माळढोकाचे साक्षीदार

नाथाजीराव साळुंख्यांनी माळढोक पाहिला होता, याबद्दल नाथाजीरावांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. अडचण एवढीच होती, की उरलेल्या सगळ्या सांगलीला होती.

झालं होतं असं. आदल्या वर्षी कचेरीच्या कामासाठी ते जतला निघाले असताना वाटेत एस.टी. पंक्चर झाली. निम्मे उतारू झोपलेले होते आणि निम्मे ड्रायव्हरला जॅक कसा लावावा ते सांगत होते. नाथाजीराव मोकळं होण्यासाठी जरा लांब, बाभळीच्या आड गेले आणि समोर पाहतात तर वाळल्या गवतातून कमरेएवढा उंच पक्षी चाललेला. डोक्यावर काळी टोपी, पांढरी मान आणि चाल अशी, की मामलेदार आणेवारीला निघाले आहेत. नाथाजीरावांच्या अंगावर काटा आला. त्यांनी मागे वळून हाका मारल्या, पण तोवर चाक बसलं होतं आणि कंडक्टर त्यांच्याच नावानं शंख करत होता.

सांगलीत त्या काळी एक पक्षिमित्र मंडळ होतं. ते दर रविवारी दादासो चौगुले वकिलांच्या बैठकीच्या खोलीत भरे. आधी चहा होई, मग चिवडा आणि वेळ उरलाच तर पक्षी. नाथाजीरावांनी तिथे ही हकिकत सांगितली. वकिलांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "साक्षीदार?"

"कुणी नाही."

"आणि त्या वेळी आपण बाभळीच्या आड नेमकं काय करत होता?"

आता दुसऱ्या कुणी सांगितलं असतं, की पाय मोकळे करत होतो. पण नाथाजीरावांना खोटं बोलता येत नसे. ही सचोटी म्हणायची की अंगातली एक खोड, याबद्दल त्यांच्या पत्नीचं, लीलाबाईंचं, मत लोकांपेक्षा निराळं होतं. नाथाजीरावांनी जे करत होते तेच सांगितलं. मंडळ इतकं हसलं, की एका सभासदाला चिवड्याचा ठसका लागून पाणी पाजावं लागलं. निकाल असा लागला, की ते गिधाड असावं.

त्या दिवसापासून सांगलीत नाथाजीरावांची कीव येण्याजोगी अवस्था झाली. न्हावी दाढी करता करता विचारी, "काय म्हणतोय माळढोक?" कचेरीत कुणाला एखादी गोष्ट पटली नाही, की तो म्हणे, "ही साळुंख्यांच्या पक्ष्यासारखी दिसतेय." ज्या माणसानं 'नक्कल मुळाबरहुकूम आहे' असा शेरा मारून सही केली, की डोळे झाकून कागद पुढे जायचा, त्या माणसाच्या शब्दाला सबंध गावात काडीची किंमत उरली नव्हती. हे नाथाजीरावांच्या फार जिव्हारी लागलं. त्यांनी ठरवलं, की कार्तिकात मंडळाचा वार्षिक मेळावा भरेल, तेव्हा माळढोकाचा फोटो वकिलांच्या टेबलावर ठेवायचा. साल अठ्ठ्याहत्तर.

पहिली अडचण रजेची. अर्जात कारण काय लिहायचं? नाथाजीरावांनी लिहिलं, 'माळढोक पक्ष्याचे छायाचित्र घेणे.' अर्ज वर गेला आणि शेरा घेऊन खाली आला: 'सदर पक्षी या कार्यालयाच्या कार्यक्षेत्रात येतो काय? खुलासा व्हावा.' नाथाजीरावांनी खुलासा केला, की पक्ष्याचा मुक्काम कायम नसून तो येऊन-जाऊन असतो. त्यावर पुन्हा शेरा आला, की येऊन-जाऊन असल्यास कोणाच्या परवानगीने, तेही नमूद करावे. शेवटी साहेबांनीच त्यांना बोलावलं.

"अहो साळुंखे, ताप आला असं लिहा आणि मोकळे व्हा."

"पण साहेब, ताप आलेला नाही."

साहेबांनी कपाळाला हात लावला आणि स्वतःच्याच अक्षरात 'घरगुती अडचण' असं कारण घालून रजा मंजूर केली. लीलाबाईंना हे कळलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "साहेब खोटं नाही बोलले."

दुसरी अडचण साधनांची. नाथाजीरावांचा कॅमेरा म्हणजे साधा डबा. त्यात एका रोलवर बारा फोटो निघत आणि माणूस हाकेच्या अंतरावर असला तरच माणूस म्हणून ओळखू येई. म्हणजे पक्ष्याच्या जवळ जाणं भाग आणि जवळ जायचं तर दडून बसणं भाग. त्यासाठी लपण हवं. लपण म्हणजे बारदानाची एक छोटी खोपी आणि समोर कॅमेऱ्याला भोक. लीलाबाईंनी ती मशीनवर शिवून दिली. त्यात दोन सुया मोडल्या. "पाखरू दिसलं नाही तरी चालेल," त्या म्हणाल्या, "पण बारदान परत आणा. वाळवणाला लागतं."

शेजारचे निवृत्त सुभेदार हंबीरराव दुर्बीण घेऊन आले. दुर्बीण लष्करी होती आणि तिच्या एकाच नळीतून दिसत असे. दुर्बिणीबरोबर सल्ला आला. "दुश्मनाला आपण दिसायचं नाही आणि त्याला आपला वासपण येता कामा नये. आजपासून साबण बंद." समोरच्या चंद्राबाईंनी माकडटोपी दिली. ती लालभडक होती. लाल रंगाला पाखरू बुजेल की जवळ येईल यावर हंबीरराव आणि चंद्राबाई यांच्यात नाथाजीरावांच्याच ओट्यावर बराच वेळ वाद झाला. तेवढ्या वेळात नाथाजीराव गुपचूप साबण लावून आंघोळ करून आले.

कार्तिकात एरवी जतकडे हवा कशी खडखडीत असते. पण त्या वर्षी उपसागरात कसला तरी पट्टा तयार झाला आणि नेमके नाथाजीराव निघाले त्या दिवशी आभाळ काळवंडलं. बोचरं वारं सुटलं आणि बारीक भुरभूर सुरू झाली. एस.टी.त कंडक्टरनं गाठोड्याकडे आणि बांबूंकडे बोट दाखवलं.

"ह्यात काय हाय?"

"लपण. त्यात बसून मी पाखरू बघणार आहे."

कंडक्टरनं त्यांच्याकडे, त्यांच्या लाल टोपीकडे आणि बाहेरच्या पावसाकडे आळीपाळीनं पाहिलं. मग दोघा उतारूंना उठवून त्यानं नाथाजीरावांना पुढे ड्रायव्हरजवळ जागा करून दिली. दवाखान्यात नेण्याच्या माणसाला देतात तशी. नाथाजीरावांना त्या सन्मानाचं कारण शेवटपर्यंत कळलं नाही.

ज्या माळावर मागच्या वर्षी गाडी पंक्चर झाली होती, तिथेच ते उतरले. रस्त्यापासून आत कोंडीबा धनगराची वस्ती होती. दोन-तीन खोपटं, मेंढरांचा वाडा, दोन कुत्री. कोंडीबा पन्नाशीचा, अंगानं लाकडासारखा वाळलेला आणि स्वभावानं कमालीचा अगत्यशील माणूस. नाथाजीरावांनी आपलं काम सांगितलं. माळढोक अधूनमधून दिसतो, असं कोंडीबानंही सांगितलं. नाथाजीरावांचा जीव भांड्यात पडला.

"मग मी त्या टेकाडाजवळ खोपी लावतो आणि दिवसभर एकटाच बसतो."

"एकटं?" कोंडीबाचा चेहरा उतरला. "का वं? घरात भांडून आलायसा जनू?"

"नाही हो. माणसं दिसली की पाखरू येत नाही."

"आन् आमच्या माळावर पाव्हणा वल्यात एकटा बसला, तर लोक आमच्या तोंडात श्यान घालतील, त्येचं काय?"

आता इथे त्या मुलखाची रीत सांगितली पाहिजे. पाहुणा आला, की घरातल्या कुणी तरी त्याच्यापाशी बसायचंच. बोलायला विषय असला पाहिजे असं नाही. शेजारी बसून अधूनमधून खाकरलं तरी भागतं. पण पाहुण्याला एकटं सोडणं म्हणजे 'कधी जाताय' असं विचारण्याजोगंच. नाथाजीराव मूळचे कुंडलचे, त्यांना हे ठाऊक होतं. म्हणूनच त्यांना फार ताणता येईना. कोंडीबा घोंगडं पांघरून लपणात त्यांच्या शेजारी येऊन बसला आणि खाकरला.

थोड्या वेळानं कोंडीबाचा भाऊ धुळा आला. पाहुण्यापाशी थोरला भाऊ बसला आणि धाकटा आलाच नाही, हे दिसायला बरं नव्हतं. मग धुळ्याची बायको रंगुबाई घमेल्यात निखारे घेऊन आली, कारण गारठ्यानं पाहुण्याचे ओठ निळे पडल्याचं तिनं लांबून पाहिलं होतं. निखाऱ्यांवरच्या गोवऱ्या ओलसर होत्या. लपणाच्या भोकातून धूर निघायला लागला आणि लांबून पाहणाऱ्याला ती वीटभट्टी वाटली असती. मग कोंडीबाची म्हातारी आई दगडाबाई भाकरी आणि चहा घेऊन आली आणि पाऊस वाढला म्हणून तिथेच बसली. वाऱ्यानं एका बाजूचं बारदान उडालं, ते धुळ्यानं पाठीनं दाबून धरलं. मग त्या दिवशीच जन्मलेलं एक कोकरू गारठतंय म्हणून आत आणलं आणि ते ओरडतंय म्हणून त्याची आईही आणली. एका माणसापुरत्या शिवलेल्या त्या बारदानात नाथाजीराव आता गुडघे छातीशी घेऊन बसले होते आणि त्यांच्या मांडीवर कोकरू होतं.

"आता जरा गप बसू या," ते काकुळतीला येऊन म्हणाले.

"बसू की," कोंडीबा म्हणाला आणि लगेच धुळ्याला ओरडून सांगितलं, "गप बस रं! पाव्हण्याला पाखरू बगायचंय!"

पाऊस उघडला, पण वारं होतंच. सगळी मंडळी बाहेर आली. दगडाबाईची नजर कॅमेऱ्यावर गेली.

"ह्यात तोंड निघतं का?"

"निघतं, आजी."

"माझा नातू पल्टणीत हाय, लय लांब. म्हनतो, आजी, तुजं तोंड इसरलो."

यावर नाही म्हणणारा माणूस निराळ्या मातीचा असावा लागतो. नाथाजीरावांनी म्हातारीचा फोटो काढला. मग रंगुबाईचा काढला नसता तर सासूसुनेत वितुष्ट आलं असतं. धुळ्याला कुत्र्याबरोबर हवा होता, कोंडीबाला एडक्याबरोबर. एडका हलला म्हणून पुन्हा काढावा लागला. वस्तीवर आणखी माणसं आहेत हे नाथाजीरावांना तेव्हाच कळलं. दिवस कलायला आला, तेव्हा कॅमेऱ्यात एकच फोटो उरला होता. तो मात्र त्यांनी कॅमेरा छातीशी घट्ट धरून वाचवला.

"आता संपलं," ते ठामपणे म्हणाले. "उरलेला एक पाखराचा."

कोंडीबानं विचार केला आणि त्याच्या काहीतरी भलतंच ध्यानात आलं. "आरं, समद्यांचं फोटू निघालं आन् पाव्हण्याचा कुनी काढलाच न्हाई की! पाव्हणा तसाच जायचा?"

"नको, नको! एकच उरलाय!"

"एकच उरलाय तर पाव्हण्याचाच!" असं म्हणून कोंडीबानं अत्यंत प्रेमानं कॅमेरा त्यांच्या हातून काढून घेतला. नाथाजीराव हात पुढे करून 'थांबा, थांबा' म्हणत असताना खटका पडला.

आणि त्याच वेळी धुळा हळूच म्हणाला, "त्ये बगा."

टेकाडाच्या पलीकडून माळढोक येत होता. भिजलेला होता. वाऱ्याकडे तोंड करून, पिसं फुलवून, एकेक पाऊल सावकाश टाकत तो इतक्या जवळून गेला, की त्याच्या मानेवरून निथळणारं पाणीही दिसावं. आत्ता मात्र कुणी बोललं नाही. कोकरूसुद्धा गप्प राहिलं. नाथाजीरावांना रडू फुटेल असं वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडं फुटलंच. पक्ष्यानं या सगळ्या गर्दीकडे मान वळवून एकदा पाहिलं, मग तो चार पावलं धावला आणि जड पंखांनी उडून गेला.

हातात फोटो नव्हता. पण नाथाजीरावांनी वळून पाहिलं, तर त्यांच्यामागे साक्षीदारांची रांगच्या रांग उभी होती. वकिलांनी फोटो कुठे मागितला होता? त्यांनी साक्षीदार मागितले होते.

"कोंडीबा, सांगलीला येऊन हे चार लोकांत सांगाल?"

"सांगलीत काय, काशीत सांगू," कोंडीबा म्हणाला.

रोल धुऊन आला. शेवटच्या फोटोत पाखरू नव्हतं आणि पाव्हणाही नव्हता. कोंडीबाचा अंगठा मात्र अतिशय स्पष्ट आला होता.

मेळाव्याच्या दिवशी वकिलांची बैठक भरून व्हरांड्यातही माणसं उभी होती. कोंडीबा, धुळा आणि दगडाबाई सकाळच्या गाडीनं आले होते. धुतलेली धोतरं, नवी पागोटी, आणि नाथाजीरावांना भेट म्हणून एक घोंगडं. नाथाजीरावांनी त्यांना पुढच्या रांगेत बसवलं. वकिलांनी चष्मा पुसला.

"काय हो, तुम्ही माळढोक पाहिलात?"

"बगितला की. ह्यांच्यासंगंच बगितला."

"कसा होता?"

कोंडीबानं काळी टोपी सांगितली, पांढरी मान सांगितली, चालही उठून करून दाखवली. बैठकीत कुजबुज थांबली. वकिलांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि प्रथमच नाथाजीरावांकडे आदरानं पाहिलं. नाथाजीरावांनी उपरण्यानं कपाळ टिपलं. एवढ्यावर जर सगळं थांबलं असतं!

"बरं," वकील सहज म्हणाले, "किती होते?"

कोंडीबानं नाथाजीरावांकडे पाहिलं. भरल्या बैठकीकडे पाहिलं. एवढी शहाणीसुरती माणसं जमली आहेत, आपल्या पाहुण्याची अब्रू पणाला लागली आहे, आणि आपण काय सांगायचं, एक? पाहुण्याच्या ताटात कुणी मोजून एक भाकरी वाढतं का?

"पाच," कोंडीबा म्हणाला.

"पाच मोठं," धुळ्यानं भर घातली. "पिल्ली येगळी."

"माज्या हातची भाकरी खाल्ली की त्येनी," दगडाबाई म्हणाली.

व्हरांड्यातून पहिलं हसू आलं. मग ते आत आलं. कोंडीबाला ते हसू कसलं ते कळेना. आपण काही कमी सांगितलं की काय, अशा चेहऱ्यानं तो इकडेतिकडे बघायला लागला. वकिलांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

"साळुंखे, तुम्ही खोटं बोलत नाही, हे आम्हांला ठाऊक आहे. तुम्हीच सांगा. किती होते?"

नाथाजीराव उभे राहिले. 'एक' एवढंच म्हणायचं होतं. म्हटलं की काम झालं. साक्ष निम्मी तरी खरी ठरली असती, गेलेला शब्द परत मिळाला असता. पण त्याच क्षणी कोंडीबा भरल्या सभेत खोटा ठरला असता, आणि भरल्या सभेत खोटं ठरणं म्हणजे काय, हे सांगलीत त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. शिवाय आज पाहुणा कोंडीबा होता. यजमान ते होते.

"पाच," नाथाजीराव म्हणाले.

"पाच?" वकिलांनी चष्म्यावरून पाहिलं. "आणि पिल्लं?"

"पिल्लं वेगळी."

पुढचं काही ऐकू येण्यासारखं नव्हतंच. कोंडीबा मात्र समाधानानं मांडी बदलून बसला.

घरी लीलाबाईंनी पाहुण्यांसाठी आमटी आणि भाकरी केली होती. मेळाव्याची बातमी त्यांच्या आधीच घरी पोचली होती. सांगलीत अशा बातम्यांना एस.टी. लागत नाही. पानं मांडली, तेवढ्यात हंबीररावही दुर्बीण न्यायला म्हणून आले आणि जेवायला बसले. नाथाजीराव पाणी घ्यायला आत गेले, तेव्हा लीलाबाईंनी चुलीवरून नजर न काढता विचारलं, "मला खरं सांगा. किती होते?"

"एक."

त्यांनी वळून नवऱ्याकडे पाहिलं. वर्षभर त्यांनी या पक्ष्याबद्दल बरा शब्द काढला नव्हता.

"मग होता," त्या म्हणाल्या. "थापा मारणारा माणूस घरी येऊन आकडा कमी करत नाही."

पाणी भरायचं नाथाजीरावांच्या ध्यानातून गेलं. ते तांब्या हातात धरून तसेच उभे राहिले.

बाहेरून हंबीररावांचा खणखणीत आवाज आला, "मग कोंडीबा, एकूण किती पाखरं होती म्हणायची?"

"आता तुमास्नी काय सांगू सुबेदार," कोंडीबा म्हणाला, "सात तर मीच मोजली."

लीलाबाईंनी आमटीचं पातेलं उचललं, पदर सावरला आणि बाहेर जाऊन कोंडीबाच्या ताटात दोन पळ्या वाढल्या.

"सातच," त्या हंबीररावांना म्हणाल्या. "आमच्या ह्यांनी आल्या आल्या मला तेवढेच सांगितले."